आयर्लंडचा सुतार आणि तेंदूचे पुडे

त्या वर्षी मे महिन्यात मी कुरखेड्याजवळच्या त्या गावात राहिले, ते काही हौसेने नाही. स्कूटी घसरली, घोटा मोडला आणि डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून बजावलं की सहा आठवडे एसटीत पाय ठेवायचा नाही. एरवी परीक्षा संपल्या की मी चंद्रपूरला आईकडे जाते, कूलरसमोर पडून राहते आणि आईशी भांडते. त्या वर्षी भांडायलासुद्धा कोणी नव्हतं. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते. शाळा बंद असताना तेंदूपत्त्याच्या गावात इंग्रजीच्या मॅडमचा काय उपयोग असतो, हे मला त्या सहा आठवड्यांत नीट कळलं.

माझी खोली बाईंच्या घरात होती. बाई म्हणजे माझी घरमालकीण. साठीची, काटक, कमी बोलणारी गोंड बाई. त्या दिवसांत सगळं गाव पहाटे जंगलात जायचं, नऊ-दहाला डोक्यावर विड्यांसाठी लागणाऱ्या तेंदूच्या पानांचे गठ्ठे घेऊन परतायचं आणि मग दुपारभर मांडवाखाली बसून पुडे बांधायचं. सत्तर पानांचा एक पुडा. एक पान कमी नाही, एक जास्त नाही. संध्याकाळी ते पुडे फळीवर, म्हणजे गावाबाहेरच्या खरेदीच्या मैदानात नेऊन मांडायचे आणि ठेकेदाराच्या मुन्शीने तपासून घ्यायचे. बसल्या बसल्या मीही एक पुडा बांधून पाहिला. बाईंनी तो हातात घेतला, न मोजता म्हणाल्या, "साठ-बासठ हायत," आणि सोडला. मोजली तेव्हा बासष्ट पानं निघाली, ती त्यांनी आपल्या ढिगात टाकली. "मॅडम, तुमी बसा," त्या म्हणाल्या. नववीच्या वह्या तपासताना मी जशी बघते, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या. मी बसले.

बाईंच्या घरात एक वर्षापासून हसणं बंद होतं. त्यांचे मालक, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, ते आदल्या वर्षी मोहाच्या दिवसांत गेले. गेले म्हणजे पहाटे मोहफुलं वेचायला गेले, अर्धी टोपली भरली, दम खायला झाडाला टेकून बसले आणि बसल्या जागीच संपले. एवढंच असतं तर दुःख दुःखासारखं झालं असतं. पण भाऊंचा धाकटा भाऊ तिथे पोचला. दोघा भावांचं एका बैलावरून वाजलेलं होतं. धाकट्याला वाटलं, हा मुद्दाम डोळे मिटून बसला आहे. त्याने उभ्या उभ्या अर्धा तास मोठ्या भावाचा उद्धार केला. बैल काढला, वडील काढले, लग्नातलं जेवण काढलं. आजूबाजूच्या झाडांखाली फुलं वेचणाऱ्या बायांनी तो सगळा शब्द न् शब्द ऐकला. मग धाकटा पाय आपटत निघून गेला. उन्हं चढल्यावर गुराख्याने भाऊंना हलवलं, तेव्हा खरं काय ते कळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की माणूस पहाटेच गेला होता. बाईंना ते पटलं नाही. त्यांचं एकच म्हणणं होतं, शिव्या द्यायला तोंड होतं, मग हात लावून पाहायला हात नव्हता का? दिराशी त्यांनी बोलणं टाकलं. दोन्ही घरांच्या अंगणांमध्ये फक्त एक बांबूची कूड. पलीकडे दीर, अलीकडे बाई, आणि वर्षभर एका अंगणातून दुसऱ्या अंगणात फक्त कोंबड्या जात-येत होत्या.

आणि एक दुपट्टा होता. पुरुष उन्हात डोक्याला बांधतात तो, लाल चौकड्यांचा, आठवडी बाजारात ढिगाने मिळतो तसला. प्लास्टरच्या काठाशी घाम येतो म्हणून पुसायला मी एकदा तो खुंटीवरून ओढला, तर बाईंनी झडप घालून हिसकावून घेतला. "तो नाई!" एवढंच म्हणाल्या आणि आत पेटीत ठेवून आल्या. मी रागावले. मला कोणी हातातून वस्तू ओढलेली खपत नाही. मग दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं की तो दुपट्टा भाऊ सापडले तेव्हा त्यांच्या डोक्यावर होता. भाऊंचा स्वतःचा घरीच खुंटीला होता. मग हा कोणाचा, हे बाईंना आजपर्यंत कळलं नव्हतं. "गावात कोनाले म्हैत असन," सून म्हणाली, "पन कोन सांगते?"

हे सगळं डोक्यात असताना मी ते पुस्तक उघडायला नको होतं. पण माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. नागपूरला बर्डीच्या फूटपाथवर मुखपृष्ठावरचा भिजलेला कावळा आवडला म्हणून घेतलेली ती एका आयरिश लेखकाची खुनाची कादंबरी. मला खुनाच्या कादंबऱ्या आवडतात, पण हुशार डिटेक्टिव्हच्या. इथे तर हुशार म्हणावं असं कोणीच नव्हतं. समुद्राकाठचं एक भिकार गाव, बाराही महिने पाऊस आणि शवपेट्या बनवणारा एक सुतार. एका सकाळी तो सुतार एका पेटीत मेलेला सापडतो. पेटी त्याची नाही. ती एका म्हाताऱ्याने आपल्या मापाने करून घेतलेली. म्हातारा ठणठणीत जिवंत, आणि त्याला सुताराच्या मरणाचं काही नाही, आपली पेटी दुसऱ्याने वापरली याचा संताप! तो ठाण्यात जाऊन पेटीचोरीची तक्रार देतो. त्या पानावर मी एकटीच खो-खो हसायला लागले.

मांडवाखाली पुडे बांधणाऱ्या बाई आणि शेजारणी, सगळ्यांचे हात थांबले.

"मॅडम, काऊन हासून राह्यल्या?" सुनेने विचारलं.

काय सांगणार? सुतकासारख्या घरात बसून मी प्रेताचं वाचून हसते आहे? मी म्हटलं, "असंच." बाई वर न बघता म्हणाल्या, "असंच कोनी हासत नाई. वाचा मोठ्यानं."

असं ते सुरू झालं. मी सुतारापासून सुरुवात केली, पण भाऊंची आठवण येईल अशी वाक्यं गिळत गेले. वाचता वाचता भाषांतर करणं सोपं नाही, पण खरी पंचाईत भाषेची नव्हती. जित्या माणसाचं माप घेऊन मरणाची पेटी करतात, हे कोणाला पटेना. "मंग तो माणूस त्याच्यानंतर जाडा झाला तं?" सुनेने विचारलं. हा प्रश्न लेखकालाही सुचला नव्हता. तिथे रोज पाऊस पडतो म्हटल्यावर सगळ्यांनी त्या गावाचा हेवा केला. "धान झक्कास होत असन," एक जण म्हणाली. धान नाही, आलू, असं मी सांगितलं. त्यावर एक हळहळ उमटली आणि खून बराच वेळ मागे पडला.

पण एक गोष्ट मला अजिबात समजावून सांगावी लागली नाही. कादंबरीतला ठाणेदार घरोघर जाऊन विचारतो, आणि गावातला प्रत्येक जण त्याला चहा देतो, आजोबांची गोष्ट सांगतो, हवामानाचं बोलतो आणि सुताराचं मात्र काहीच माहीत नाही म्हणतो. माहीत सगळ्यांनाच सगळं असतं. इंग्रजी वाचक इथे चक्रावत असेल. माझ्या मांडवाखाली सगळ्यांनी माना डोलावल्या. "फारेस्टवाला लाकडाचं विचारते तवा आपन काय सांगतो?" बाईंनी विचारलं, आणि तिघी-चौघी एका सुरात म्हणाल्या, "म्हैत नाई साहेब!" बाईंच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणता आलं नसतं, पण वर्षभरात तेवढंही कोणी पाहिलं नव्हतं.

मला तेव्हा कळलं की हे पुस्तक मला का आवडतंय. त्यातली माणसं मरणाला भितात आणि तरीही त्याची टिंगल करतात. प्रेताशेजारी बसून पत्ते खेळतात, रडता रडता मेलेल्याच्या कंजूषपणाचे किस्से सांगतात आणि मग परत रडतात. आमच्याकडे मयतीनंतर सगळे भलं तेवढंच बोलतात. भाऊ तर गावातले पहिल्या नंबरचे विनोदी गृहस्थ होते, असं सगळेच सांगायचे. पण ते गेल्यापासून त्यांचा एकही विनोद त्या घरात कोणी काढला नव्हता. मला ते अन्यायाचं वाटायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुडीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. मग आणखी एकदा, नेमका विनोदाच्या जागी. दीर आपले पुडे घेऊन कुडीला पाठ टेकून बसत होता. मला दिसायचं ते फक्त बांबूंच्या फटीतून त्याचं पांढरं डोकं. बाईंनाही दिसत होतं. मी आवाज हळू केला की त्या म्हणायच्या, "मोठ्यानं वाचा. आयकू येत नाई." त्या माझ्यापासून दोन हातांवर बसलेल्या होत्या.

आठवडाभराने फळीवरचा मुन्शी आला. हा कुरखेड्याच्या एका मुसलमान व्यापारी घरातला, सरळ स्वभावाचा माणूस, हिशेबात मात्र वाघ. त्याने येताच बाईंसमोर आठ-दहा पुडे आपटले. "बाई, ये क्या चालू है? गावातले सगळे पुडे सत्तरचे, तुमच्याच आंगनातले पासष्ट, अठ्ठ्याहत्तर, एक तर ब्याण्णवचा! वीस वर्षांत तुमचा पुडा मी मोजला नाई, न मोजताच घेत होतो." कारण मला ठाऊक होतं. ठाणेदार म्हाताऱ्याच्या दारात उभा राहिला की इथे हात थांबायचे, आणि म्हातारा निसटला की दुप्पट वेगाने चालायचे. मोजणी कोणाच्या लक्षात राहणार? मी गुन्हा कबूल केला. मुन्शीने विचारलं, "कुठवर आलं?" मी सांगितलं. तो पायऱ्यांवर बसला आणि म्हणाला, "थोडं मागून वाचा." त्या दिवसापासून तो दुपारी येऊन बसायला लागला. त्यानंतर पुडे परत आले नाहीत, बहुतेक तो घरी जाऊन स्वतःच सारखे करत असावा.

आणि मग मी पुढचं प्रकरण सकाळी एकटीने वाचलं.

त्या प्रकरणात म्हातारा अखेर कबूल करतो. खुनाच्या दिवशी तो पेटी बघायला दुकानात गेलेला असतो. पेटीत सुतार झोपलेला. म्हाताऱ्याला वाटतं, त्याने माप पाहायला म्हणून आत पडून डुलकी काढली आहे. तो चिडतो आणि त्या झोपलेल्याला मनसोक्त झाडतो. लाकूड हलकं वापरलंस, खिळे जुने, तुझ्या बापानेही माझ्या बापाला फसवलं होतं. सुतार उलटून बोलत नाही म्हणून तो आणखी चिडतो. अर्धं प्रकरण ते भाषण आहे. आणि सुतार तर केव्हाच मेलेला असतो. मी आजवर वाचलेलं सगळ्यात विनोदी प्रकरण ते, आणि एकदाही न हसता मी ते वाचून संपवलं.

हे मी बाईंसमोर वाचू? कुडीपलीकडे तो माणूस बसलेला असताना? पुस्तक लपवावं, चष्मा फुटला म्हणून सांगावं, असले शाळकरी विचार मनात आले. शेवटी ठरवलं की ते प्रकरण गाळायचं. दुपारी वाचत त्या जागेपर्यंत आले आणि सहज हात फिरवल्यासारखं करून पुढच्या प्रकरणावर गेले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "दहा-बारा पानं सोडले तुमी."

"नाही हो बाई."

"मॅडम." त्यांनी हातातला पुडा खाली ठेवला. "चाळीस वर्सं झाले पुडे बांधून राह्यली मी. जाडी मले नका शिकवू. वाचा."

मी सांगून पाहिलं की ते कंटाळवाणं आहे. त्यांनी पुस्तकाकडे बोट दाखवलं. मला राग आला, स्वतःचा जास्त. इतके दिवस हसायला हवं म्हणून मनात उपदेश करणारी मी, आणि वेळ आल्यावर घाबरून पानं लपवणारीही मीच. मग मी वाचलं. म्हातारा बोलायला लागला, आणि मी ते अगदी जसंच्या तसं सांगत गेले. लाकूड, खिळे, बाप. कोणी हसलं नाही. मुन्शी चपलेकडे बघत होता. शेजारच्या सुनेने पदर तोंडाला लावला. कुडीपलीकडचं डोकं हललं नाही. प्रकरण संपलं.

मग बाई हसल्या. आधी मला वाटलं रडताहेत, मग वाटलं दोन्ही. त्या पानांच्या ढिगावर हात आपटून हसत होत्या. "आयुष्यात पयल्यांदा," त्या म्हणाल्या, "पयल्यांदा त्यानं कोनाचं शेवटपावतर आयकून घेतलं! नाई तं अर्ध्या बोलन्यात तोंड घालत होता. मेला तवा कुठी गप बसला!" आता सगळेच हसायला लागले. मीसुद्धा, इतकी की प्लास्टरमधला पाय दुखला. भाऊंचा विनोद वर्षाने घरी परत आला होता, असंच मला वाटलं आणि डोळे भरून आले. ते मी लपवले नाहीत.

कुडीपलीकडून आवाज आला. "वैनी."

एका वर्षातला तो पहिला शब्द होता.

"काय बोल्ले होते तुमी त्याले?" बाईंनी कुडीकडे न बघता विचारलं. "बायांनी सांगतलं मले. पन शेवटचं काय बोल्ले ते कोनी नाई सांगतलं."

दीर म्हणाला, "शेवटी बोल्लो, चाल घरी, ऊन झालं. त्यो उठला नाई. मले अखीन राग आला. पन टक्कल त्याचं, तुले म्हैत हाय वैनी, तापत होतं बिचारं. मंग माह्या डोक्शाचा दुपट्टा त्याच्या डोक्शावर टाकला न् आलो निघून. मले वाटलं, झोपला तं झोपू दे."

इतके दिवस खुनाची कादंबरी वाचून मी स्वतःला मोठी डिटेक्टिव्ह समजत होते. माझ्या खोलीपासून दहा पावलांवर पेटीत पुरावा होता आणि पलीकडच्या अंगणात एक माणूस वर्षभर बोडक्या डोक्याने उन्हात फिरत होता. ते मी रोज पाहत होते. ते पांढरं डोकं दिसत होतं, त्यावर काही नाही हे दिसलं नव्हतं. बाया त्याच्या शिव्या ऐकत होत्या, पण दुपट्टा टाकताना त्याला कोणी बघितलं नव्हतं. आणि आपण दुपट्टा टाकला, हे सांगायची त्याची हिंमत झाली नव्हती. इतक्या जवळ गेलास, डोक्याला हात लावलास, तरी कळलं नाही? हा प्रश्न त्याने स्वतःला रोज विचारला असणार.

बाई उठल्या. आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा तो लाल चौकड्यांचा दुपट्टा त्यांच्या हातात होता. वर्षभर धुतला नव्हता. त्यांनी झटकला तेव्हा दोन-तीन सुकलेली मोहफुलं अंगणात पडली. कुडीत एक फाटक होतं, बांबू बांधून बंद केलेलं. बाईंनी दोर सोडला, फाटक ओढलं आणि दिरासमोर उभ्या राहिल्या. तो बसूनच होता, मान खाली घालून.

"ऊन झालं," बाई म्हणाल्या. "डोक्शाले बांधा."

त्याने दुपट्टा घेतला, पण गाठ बसेना. बाईंनी ती बांधून दिली, पुडा बांधतात तशी घट्ट, एका झटक्यात. मग त्याचा पानांचा ढीग पदरात भरून अलीकडे आणला आणि मला म्हणाल्या, "मंग? त्या बुड्ढ्याले पेटी भेटली का नाई?"